बुडण्याआधीचा हिशेब

बारावी कॉमर्सच्या पुस्तपालनात अंतिम खात्यांचे गणित आले, की त्याखाली समायोजनांची यादी असते आणि त्या यादीत एक ओळ हटकून सापडते: विविध ऋणकोंवर ५ टक्के संशयित बुडीत कर्ज निधी तयार करा. विद्यार्थी त्याला आरडीडी म्हणतात. ऋणकोंच्या रकमेचे ५ टक्के काढायचे, एकदा नफा-तोटा खात्याला नावे टाकायचे, एकदा ताळेबंदात ऋणकोंतून वजा दाखवायचे, की गुण मिळाले. ५ टक्केच का, ३ का नाहीत, ९ का नाहीत, असे कोणी विचारत नाही. गणित घालणाऱ्याने ते ठरवून दिलेले असते.

खऱ्या कंपनीत ते कंपनीच ठरवते. सगळी गंमत आणि सगळी गोम तिथे आहे. विक्री किती झाली, बँकेत शिल्लक किती, कच्चा माल कितीला आला, हे आकडे झालेल्या व्यवहारांतून येतात आणि त्यांना कागदाचा आधार असतो. संशयित येण्यांची तरतूद मात्र अजून न घडलेल्या गोष्टीबद्दलचे मत असते. ते मत ज्याने द्यायचे, त्याच्याच नफ्यावर त्याचा परिणाम होतो. तरतूद एक रुपयाने कमी केली की करपूर्व नफा एक रुपयाने वाढतो. त्यासाठी ना एक नट जास्त विकावा लागतो, ना एक फोन करावा लागतो.

मार्चअखेरीस अनेक कारखान्यांच्या ऑफिसांत साधारण एकच संवाद चालतो. अकाउंट्सचे साहेब एजिंगचा, म्हणजे कोणते येणे किती जुने याचा, कागद पुढे सरकवून विचारतात, “ही पार्टी दोन वर्षं थकलीय. धरू का प्रोव्हिजनमध्ये?” सेल्सवाले म्हणतात, “छे हो, जुनी पार्टी आहे. मुलाचं लग्न होतं, म्हणून जरा अडकलंय. दिवाळीपर्यंत देतील.” सेल्सवाल्यांचा इन्सेंटिव्ह त्या विक्रीवर आधीच मिळालेला असतो आणि मालकांनाही या वर्षीचा नफा बँकेला दाखवायचा असतो. मग त्या पार्टीपुढे ‘वसूल होण्याजोगे’ असा शेरा पडतो. यात कोणी खोटे बोलत असेलच असे नाही. उधारीवर धंदा करणारा माणूस आशेवरच जगतो, आणि आशा ताळेबंदात शिरते ती अशी.

बाहेरून वाचणाऱ्याला त्या पार्टीचे नाव कळत नाही, लग्नाची हकीकतही कळत नाही. एका वर्षाचा तरतुदीचा आकडा पाहून त्याला काहीच सांगता येत नाही. ३ टक्के तरतूद म्हणजे सावधपणाही असेल किंवा निष्काळजीपणाही. पण मताला इतिहास असतो. गेल्या वर्षी कंपनीने “एवढे बुडेल” म्हटले होते आणि यंदा प्रत्यक्षात किती बुडाले, हे दोन्ही आकडे वार्षिक अहवालात छापलेले असतात. चार-पाच वर्षांचे अहवाल शेजारी ठेवले, की व्यवस्थापनाच्या अंदाजाची परीक्षा आपोआप होते.

त्यासाठी तरतुदीचे खाते कसे हलते, ते आधी पाहू. वर्षाच्या सुरुवातीला काही शिल्लक असते. त्यात वर्षभराची नवी तरतूद मिळवतात; हा भाग नफ्यातून जातो. जी येणी खरोखर बुडाली ती खात्यातून काढून टाकतात, म्हणजे राइट-ऑफ करतात. तेवढी तरतूद खर्ची पडते. गरजेपेक्षा जास्त तरतूद झाली असे वाटले, तर ती उलटवून नफ्यात परत घेतात. उरते ती अखेरची शिल्लक. आधीच पूर्ण तरतूद केलेले येणे राइट-ऑफ केले, तर त्या वर्षीच्या नफ्याला धक्का लागत नाही, कारण तो धक्का तरतुदीच्या वर्षीच बसलेला असतो. बँकांनी अमुक हजार कोटी ‘राइट-ऑफ’ केले अशी बातमी आली, की लोक त्याचा अर्थ कर्जमाफी असा घेतात. खरे तर राइट-ऑफ झाले तरी वसुलीचा हक्क कायम राहतो, फक्त ती रक्कम मालमत्ता म्हणून दाखवणे थांबते.

आता समजा, कोल्हापूरकडची पंप बनवणारी, शेअर बाजारात नोंदलेली एक काल्पनिक कंपनी आहे. माल डीलरमार्फत जातो, तोही उधारीवर. पाच वर्षांचे आकडे असे (कोटी रुपयांत):

| वर्ष | विक्री | एकूण येणी | तरतुदीची शिल्लक | वर्षातला राइट-ऑफ |
|---|---|---|---|---|
| २०२०-२१ | २०० | ४० | २.४ | ०.९ |
| २०२१-२२ | २२० | ४६ | २.६ | १.० |
| २०२२-२३ | २४५ | ५६ | २.८ | १.२ |
| २०२३-२४ | २६० | ६६ | २.६ | १.५ |
| २०२४-२५ | २७० | ७६ | २.३ | १.९ |

नुसती तरतुदीची शिल्लक पाहिली तर २.४ काय आणि २.३ काय, फारसा फरक दिसत नाही. येण्यांशी ताडून पाहिले की चित्र बदलते. पहिल्या वर्षी येण्यांच्या ६ टक्के तरतूद होती, शेवटच्या वर्षी ३ टक्के उरली. त्याच काळात विक्री ३५ टक्क्यांनी वाढली, तर येणी ९० टक्क्यांनी. येणी ही किती दिवसांच्या विक्रीएवढी आहेत ते काढले, तर ७३ दिवसांवरून गाडी १०३ दिवसांवर आलेली दिसते. डीलर पैसे उशिरा देत आहेत, बुडणारी रक्कम दरवर्षी वाढते आहे आणि कंपनीचा भरवसा मात्र त्याच सुमारास वाढत गेला आहे. (दिवसांच्या गणितात एक बारीक खोच आहे. येण्यांच्या रकमेत जीएसटी धरलेला असतो, विक्रीच्या आकड्यात नसतो. त्यामुळे १८ टक्के कराच्या मालावर दिवस फुगलेले दिसतात. कराचा दर तोच असेल तर वर्षावर्षांची तुलना बिघडत नाही. पण निर्यात करणाऱ्या कंपनीशी तुलना करताना हे विसरू नये.)

राइट-ऑफचा स्तंभही तरतुदीशेजारी ठेवून वाचावा. २०२०-२१ च्या अखेरीस हातात असलेली २.४ कोटींची तरतूद त्या वर्षीच्या बुडीच्या अडीच पटींहून जास्त होती. शेवटच्या वर्षी २.३ कोटींची तरतूद आणि १.९ कोटींची बूड, म्हणजे जेमतेम सव्वा वर्षाची बेगमी.

याचा नफ्याशी काय संबंध, ते शेवटच्या तीन वर्षांत दिसते. समजा, कंपनीने करपूर्व नफा अनुक्रमे ११.५, ११.८ आणि १२.१ कोटी दाखवला. दरवर्षी ३० लाखांची वाढ आहे, भागधारक खूश आहेत. आता तरतूद पहिल्या वर्षीइतकीच, म्हणजे ६ टक्के ठेवली असती तर काय झाले असते? २०२१-२२ अखेर सुमारे १६ लाख जास्त लागले असते, पुढच्या वर्षी ५६ लाख, मग १ कोटी ३६ लाख आणि शेवटी २ कोटी २६ लाख. यातली त्या त्या वर्षीची भर नफ्यातून वजा केली, की नफा ११.१, ११.० आणि ११.२ कोटी येतो. म्हणजे कंपनी तीन वर्षे जागच्या जागी आहे. दाखवलेली वाढ पंपांतून आलेली नाही.

एवढ्यावरून कंपनीला चोर ठरवायची घाई मात्र करू नये. प्रमाण घटण्याची सरळ कारणेही असतात. डीलरांकडून जास्त अनामत घेतली असेल, लेटर ऑफ क्रेडिटवर माल जाऊ लागला असेल, उधारीचा विमा काढला असेल. शिवाय जुन्या येण्यांची साफसफाई केल्यानेही प्रमाण पडते. आपल्याच कंपनीने २०२३-२४ च्या अखेरीस पूर्ण तरतूद असलेले १ कोटी काढून टाकले असते, तर येणी ६५ आणि तरतूद १.६ झाली असती. प्रमाण एकदम ३.९ वरून २.५ टक्क्यांवर, तरी निव्वळ येणी मात्र आधीही ६३.४ कोटी आणि नंतरही ६३.४ कोटी. म्हणून प्रमाण घसरलेले दिसले की आधी त्या वर्षीचा राइट-ऑफ पाहावा. राइट-ऑफ मोठा असेल तर घसरणीचे कारण तिथेच सापडू शकते. तो नेहमीसारखाच असेल, तर शंका घ्यायला जागा आहे.

शंका फेडायची जागाही आता आपल्याकडे सहज मिळते. कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टात २०२१ मध्ये बदल झाला. १ एप्रिल २०२१ पासून सुरू होणाऱ्या वर्षापासून प्रत्येक कंपनीला येण्यांची वयानुसार फोड द्यावी लागते: देय तारखेपासून ६ महिन्यांच्या आतली, ६ महिने ते १ वर्ष, १ ते २ वर्षे, २ ते ३ वर्षे आणि ३ वर्षांवरची. वादातली येणी वेगळी, बिनवादाची वेगळी. त्याआधी बाहेरच्या वाचकाला ६ महिन्यांच्या आत आणि बाहेर एवढ्या ढोबळ फोडीवर समाधान मानावे लागे, काही वेळा तेवढीही मिळत नसे. माझ्या मते सामान्य गुंतवणूकदाराला गेल्या काही वर्षांत मिळालेला हा सर्वांत उपयोगी तक्ता आहे, आणि तो अहवालाच्या अगदी आतल्या पानांत असल्यामुळे फारसे कोणी वाचत नाही.

पंप कंपनीच्या या तक्त्यात समजा एक वर्षावरची येणी दोन वर्षांत ४ कोटींवरून ११ कोटींवर गेली आणि त्यांतली ३ कोटी तीन वर्षांवरची आहेत. एकूण तरतूद २.३ कोटी. म्हणजे सगळी तरतूद फक्त तीन वर्षांवरच्या येण्यांना लावली तरी ती पुरत नाही, आणि उरलेले ८ कोटी एक ते तीन वर्षांचे, त्यांच्या वाट्याला शून्य. इथे प्रमाणाची आकडेमोड करायचीही गरज उरत नाही. तीन वर्षांचे महत्त्व कायद्यामुळेही आहे. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार पैशाच्या वसुलीचा दावा साधारणपणे तीन वर्षांत लावावा लागतो. ऋणकोने मुदत संपण्यापूर्वी लेखी कबुली दिली, तर मुदत नव्याने मोजली जाते. दरवर्षी पार्टीकडून ‘बॅलन्स कन्फर्मेशन’ची सही घ्यायला अकाउंट्सवाले धडपडतात, त्यामागे लेखापरीक्षकाइतकाच हाही धाक असतो.

तरतूद कशी काढायची, याचा नियमही मधल्या काळात बदलला. मोठ्या कंपन्यांना टप्प्याटप्प्याने, पहिल्या टप्प्यात १ एप्रिल २०१६ पासून, इंड एएस ही नवी भारतीय लेखा मानके लागू झाली. त्यातल्या १०९ व्या मानकाने जुनी पद्धत मोडीत काढली. आधी बुडण्याची चिन्हे दिसल्यावर तरतूद करत. आता पहिल्या दिवसापासूनच संभाव्य बूड धरायची. व्यापारी येण्यांसाठी सोपी रीत म्हणजे वयाच्या प्रत्येक गटाला एक टक्केवारी. याच्या मूळ आंतरराष्ट्रीय मानकात एक नमुना दिला आहे. त्यात मुदतीतल्या येण्यांना ०.३ टक्के, ३० दिवसांपर्यंत थकलेल्यांना १.६, ६० पर्यंत ३.६, ९० पर्यंत ६.६ आणि त्यापुढे १०.६ टक्के धरले आहेत. हे आकडे फक्त नमुन्यापुरते आहेत. प्रत्येक कंपनीने ते आपल्या अनुभवावरून काढायचे आणि पुढच्या परिस्थितीचा अंदाज घेऊन वरखाली करायचे. वरखाली करण्याची मुभा आली, की मार्चअखेरचा तो संवाद पुन्हा जिवंत होतो, फक्त आता तो एक्सेलच्या तक्त्यात होतो.

इतका वेळ कमी तरतुदीबद्दल बोललो. जास्त तरतूदही तितकीच दिशाभूल करते, आणि ती पकडणे जास्त अवघड, कारण सावधपणाबद्दल कोणी कंपनीला दोष देत नाही. चांगल्या वर्षी तरतूद भरभरून करायची, वाईट वर्षी ती हळूच उलटवून नफा सावरायचा. अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनचे तेव्हाचे अध्यक्ष आर्थर लेव्हिट यांनी २८ सप्टेंबर १९९८ रोजी न्यूयॉर्क विद्यापीठातल्या भाषणात नफा ‘सांभाळण्या’च्या ज्या पाच युक्त्यांवर बोट ठेवले, त्यांत हीही होती. त्याच वर्षी अटलांटाच्या सनट्रस्ट बँकेला १९९४ ते १९९६ या वर्षांची कर्जबुडीची तरतूद १० कोटी डॉलरनी कमी करून हिशेब पुन्हा मांडावे लागले. बँकेने नफा कमी दाखवला म्हणून नियामकाने तिला हटकले! नवा मुख्याधिकारी आला की पहिल्याच वर्षी तरतुदी एकदम फुगतात आणि त्याचे खापर आधीच्यावर फुटते, हेही याच घराण्यातले. पुढच्या दोन वर्षांत त्यातली किती तरतूद ‘गरज उरली नाही’ म्हणून परत आली, ते पाहावे. आपल्याकडे कोविडच्या तोंडावर, मार्च २०२० मध्ये, अनेक कंपन्यांनी तरतूद वाढवली होती. त्या वाढीचे पुढे काय झाले, हा पडताळा घेण्याजोगा अभ्यास आहे आणि घरबसल्या करता येतो.

आकडे नीट दिसत असूनही दुकान आतून कसे पोखरते, याचे जुने उदाहरण अमेरिकेतल्या डब्ल्यू. टी. ग्रँट या कंपनीचे. १९०६ मध्ये स्वस्त मालाच्या एका दुकानापासून सुरुवात झाली. १९७० च्या दशकात तिची हजाराहून अधिक दुकाने होती. स्पर्धा वाढली तशी कंपनीने हप्त्यांवर माल द्यायला जोर लावला. उधारी द्यायची की नाही, हे दुकानाच्या पातळीवरच ठरे आणि उधारीचे ग्राहक वाढवण्याचा दबाव खालपर्यंत होता. जानेवारी १९७४ अखेरच्या वर्षात विक्री सुमारे १८५ कोटी डॉलर आणि येणी सुमारे ६० कोटी डॉलर होती. म्हणजे कपडे आणि भांडीकुंडी विकणाऱ्या दुकानाची जवळपास चार महिन्यांची विक्री लोकांकडे अडकलेली.

आता यातली मेख पाहा. त्याआधीच्या तीन वर्षांत येणी ४३ टक्क्यांनी वाढली होती आणि विक्री ४७ टक्क्यांनी. येणी-विक्रीचे प्रमाण पाहणाऱ्याला धोका दिसलाच नसता, उलट थोडी सुधारणाच दिसली असती. विक्रीच उधारीच्या जोरावर फुगत असेल, तर दोन्ही आकडे हातात हात घालून वाढतात. वर्षानुवर्षे नफा दाखवणाऱ्या या कंपनीच्या धंद्यातून रोख मात्र येत नव्हती, उलट बाहेर जात होती. नंतर रोख प्रवाहाचे तक्ते मांडून अभ्यासकांनी ते दाखवून दिले, आणि कॉमर्सच्या वर्गांत ही कंपनी आजही त्यासाठीच शिकवतात. पुढच्याच वर्षी सुमारे १७ कोटी ७० लाख डॉलरचा तोटा जाहीर झाला आणि ऑक्टोबर १९७५ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज दिला. म्हणून तरतुदीचा अभ्यास करताना धंद्यातून आलेल्या रोख रकमेचा आकडा शेजारी हवाच.

आणि मुळात येणेच खोटे असेल तर? ७ जानेवारी २००९ रोजी सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीचे अध्यक्ष रामलिंग राजू यांनी संचालक मंडळाला लिहिलेल्या पत्रात येण्यांचा आकडा ४९० कोटींनी फुगवल्याची कबुली होती. पुस्तकात येणी २,६५१ कोटी दाखवली होती. त्याच पत्रात कबूल केलेल्या बँकेतल्या खोट्या शिल्लकेपुढे ही रक्कम लहान असल्याने तिची चर्चा कमी झाली. अशा ठिकाणी तरतुदीचे विश्लेषण लंगडे पडते, कारण नसलेल्या ग्राहकाची परतफेडही कंपनीच ठरवते. तो हवा तेव्हा ‘पैसे देतो’ आणि एजिंगमध्ये कधी म्हातारा होत नाही.

तरतूद टाळण्यामागे नेहमी नफ्याचाच मोह असतो असे नाही. कराचीही बाजू आहे. साध्या कंपनीला संशयित येण्यांच्या नुसत्या तरतुदीवर आयकरात वजावट मिळत नाही; ती मिळते राइट-ऑफ केल्यावर. १९८९ पूर्वी येणे खरोखर बुडाले हे सिद्ध करावे लागे. तो नियम बदलला, आणि पुस्तकात राइट-ऑफ केले की पुरेसे आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये टीआरएफ कंपनीच्या खटल्यात स्पष्ट केले. त्यामुळे तरतूद करून वर्षानुवर्षे तशीच ठेवणारी कंपनी न आलेल्या पैशांवर आयकर भरत असते. जीएसटीचे दुखणे याहून मोठे आहे. बिल केले की कर भरायचा, आणि पार्टीने बुडवले तर तो कर परत मागायची सोय आपल्या कायद्यात नाही. ११८ रुपयांचे बिल बुडाले, तर १०० मालाचे जातात आणि पदरचे १८ सरकारला दिलेले असतात.

गिऱ्हाईक सरकारच असेल तर? ठेकेदार, औषध पुरवठादार, वीज उपकरणे बनवणारे यांच्या अहवालांत “सरकारी येणी असल्याने तरतुदीची गरज वाटत नाही” अशा अर्थाचे वाक्य वारंवार भेटते. सरकार बुडवत नाही हे मान्य. पण लांबवते, आणि १०९ वे मानक याबाबत चोख आहे: पूर्ण रक्कम मिळणार असली तरी करारापेक्षा उशिरा मिळणार असेल, तर त्या उशिराची किंमत हीही बूडच. १० टक्के व्याजाने पैसे उचलणाऱ्या पुरवठादाराला दोन वर्षे उशिरा आलेल्या १०० रुपयांची आजची किंमत ८३ रुपयांच्या आसपास पडते. ‘सरकारी’ या शब्दाखाली शून्य तरतूद लिहिणाऱ्या कंपनीचा वयानुसार तक्ता म्हणूनच आधी उघडावा.

वार्षिक सभा साधारण जुलै ते सप्टेंबरमध्ये होतात. तिथे एक शेअर असलेल्यालाही बोलता येते. “येणी का वाढली?” असे मोघम विचारले, तर “बाजाराची परिस्थिती” हे मोघम उत्तर मिळते. त्याऐवजी विचारावे, “एक वर्षावरची ही ११ कोटी किती पार्ट्यांकडे आहेत, आणि १ एप्रिलपासून आजपर्यंत त्यांतले किती जमा झाले?” प्रश्नाचा दुसरा भाग महत्त्वाचा. लेखापरीक्षकही मे महिन्यात कंपनीत बसून हेच करत असतो: मार्चअखेरची यादी एका हाताला, एप्रिल-मेचे बँक स्टेटमेंट दुसऱ्या हाताला, आणि एकेका पार्टीच्या नावापुढे खूण.